गणेशखिंडीनंतरचे पुणे



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींच्याच तोंडून, याच शाळेच्या नववीच्या वर्गात, मी चापेकर बंधूंची हकीकत प्रथम ऐकली. गणेशखिंडीचा रस्ता, राणीच्या जुबिलीची रोषणाई, अंधारात दबा धरून बसलेले तरुण आणि 'गोंद्या आला रे' ही खुणेची आरोळी. गुरुजींच्या सांगण्यात असा काही आवेश असे की, तास संपल्याची घंटा नकोशी वाटे. हकीकत फाशीच्या दोरापाशी संपत असे. पुढे मी स्वतः इतिहासाचा शिक्षक झालो आणि तीस वर्षे तीच हकीकत त्याच ठिकाणी संपवीत आलो. निवृत्तीच्या सुमारास एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मारेकरी सापडेपर्यंत पुण्यातल्या बाकीच्या लोकांचं काय झालं?" मी तिला 'पुढच्या तासाला सांगतो' असे म्हटले आणि तो विषय टाळला. तो पुढचा तास आज घेत आहे, असे समजावे.

हा प्रश्न तिला सुचला याचे कारण पुस्तकात नव्हते. आपल्या हैदराबादेत गेल्या दहा-बारा वर्षांत पहाटेच्या वेळी एखाद्या वस्तीला पोलिसांनी वेढा घालावा, घरोघर चौकशी करावी, कागदपत्रे नसलेल्या दुचाकी उचलून न्याव्यात, असे प्रकार अनेकदा घडले आहेत. वर्तमानपत्रांतून त्यांची छायाचित्रेही आपण पाहिली आहेत. गुन्हेगार सापडले पाहिजेत याविषयी कोणाचे दुमत असणार? प्रश्न उरतो तो ज्यांनी काहीच केलेले नाही त्यांच्या दाराचा. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा प्रश्नाला आजच्या वर्तमानपत्रातून उत्तर देण्याची घाई करू नये. मागे एकदा हेच कोठे घडले आणि त्याचे काय झाले, हे पाहावे. त्यासाठी १८९७ सालच्या पुण्याइतके चांगले उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

प्लेगचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. १८९६ साली मुंबईत आलेली ही साथ त्या हिवाळ्यात पुण्यात पोचली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. चार कलमांचा हा चिमुकला कायदा. त्याच्या शेवटच्या कलमाने, सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावण्याची वाट बंद केली. (१२३ वर्षांनी, २०२० च्या महामारीत हाच कायदा पुन्हा बाहेर काढावा लागला, हे आपणा सर्वांच्या स्मरणात असेल.) पुण्याच्या प्लेग समितीचे अध्यक्ष म्हणून साताऱ्याकडून आलेले वॉल्टर चार्ल्स रँड यांची नेमणूक झाली. मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरे तपासत होत्या. रोगी इस्पितळात, घरची माणसे सेग्रिगेशन छावणीत, सामान रस्त्यावर. रँड यांच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. प्लेग खरा होता, लोक रोगी लपवीत होते, आणि काही करणे भाग होते. पण देवघरात बूट घालून शिरलेला सोजीर ज्याने पाहिला त्याला साथशास्त्र समजावून सांगण्यात अर्थ नव्हता.

२२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवानिमित्त गणेशखिंडीच्या गव्हर्मेंट हाउसवर समारंभ झाला. तेथून परतणाऱ्या रँड यांच्यावर दामोदर हरी चापेकर याने गोळी झाडली. मागच्या गाडीतील लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर बाळकृष्णाने झाडली. आयर्स्ट पत्नीच्या शेजारी जागीच गतप्राण झाले. रँड ३ जुलैला ससून रुग्णालयात वारले. एवढे आपणास ठाऊक आहेच. १९७९ साली आलेल्या '२२ जून १८९७' या चित्रपटाने ती रात्र पुढच्या पिढीलाही दाखविली.

आता दुसऱ्या दिवशीचे पुणे. मारेकऱ्यांना कोणी पाहिले नव्हते. सरकारपाशी एकही नाव नव्हते. होता तो संशय, आणि तो कोण्या एका माणसावर नसून एका शहरावर, त्यातही त्या शहरातील एका वर्गावर होता. इंग्रजी वर्तमानपत्रांनी हा ब्राह्मणांचा कट आहे असे लिहावयास प्रारंभ केला. कलेक्टर लॅम्ब यांनी शहरातील प्रमुख गृहस्थांना बोलावून कडक शब्दांत समज दिली. माहिती देणाऱ्यास २०,००० रुपयांचे इनाम जाहीर झाले. त्या काळचे वीस हजार म्हणजे केवढी रक्कम, याचा अंदाज आपणच करावा. मुंबईहून ब्रुइन नावाचा अनुभवी पोलिस अधिकारी तपासासाठी आणण्यात आला. येथवर जे झाले त्याला मी नावे ठेवणार नाही. दोन माणसांचे खून झाले होते. कोणत्याही सरकारने, परक्याच्या असो वा स्वकीयांच्या, त्यांचा शोध करणे हे त्याचे कर्तव्यच होय.

पण सरकार येथे थांबले नाही. पुण्यावर जादा पोलिस बसविण्यात आले आणि त्यांचा खर्च शहरवासीयांकडून वसूल करण्याचे ठरले. या पद्धतीचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. जादा पोलिस म्हणजे बंदोबस्तासाठी वाढविलेली कुमक एवढाच अर्थ नव्हता. त्यांच्या इंग्रजी नावातच शिक्षेचा अर्थ होता. कोणी गुन्हा केला हे कळलेले नाही, सबब सर्वांनी दंड भरावा, असा तो न्याय. 'केसरी'ने ६ जुलैला 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' आणि १३ जुलैला 'राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे' हे अग्रलेख लिहिले. पाठ्यपुस्तकांतून ही शीर्षके आपण वाक्प्रचारांसारखी पाठ करतो. पण ती ज्या प्रश्नावर लिहिली गेली तो प्रश्न नेमका हाच होता. मारेकरी शोधताना सरकारने शहराला कसे वागवावे?

जुलैच्या अखेरीस दोन रात्रींत दोन गोष्टी घडल्या. २७ तारखेला मुंबईत टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. २८ तारखेला पुण्यात सरदार बाळासाहेब व तात्यासाहेब नातू या बंधूंना उचलण्यात आले. टिळकांचे प्रकरण सर्वश्रुत आहे. नातूंचे आपण विसरलो, आणि माझ्या मते त्या वर्षीचा अधिक गंभीर प्रकार तोच होता. टिळकांवर निदान आरोप होता, न्यायाधीश होते, ज्यूरी होती. नातूंच्या वाट्याला यांतले काहीच आले नाही. त्यांना १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली पकडले होते. या रेग्युलेशनप्रमाणे सरकारला राज्याच्या सुरक्षिततेसाठी एखाद्याला स्थानबद्ध करणे आवश्यक वाटले की पुरे. आरोप सांगावयास नको, पुरावा मांडावयास नको, खटला भरावयास नको. त्यांची मालमत्ताही सरकारने ताब्यात घेतली.

यात दैवाचा एक विचित्र खेळ आहे. हे रेग्युलेशन मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीतले. पेशवाईच्या अखेरीस ज्या बाळाजीपंत नातूंनी एल्फिन्स्टनसाहेबांना साहाय्य केले आणि शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लावले असे सांगतात, त्याच घराण्यातले हे बंधू. पूर्वजांच्या इनामाची आणि वंशजांच्या बंदिवासाची सनद एकाच साहेबाच्या दप्तरातून निघाली. पुण्यात त्या काळी यावर काय काय बोलले गेले असेल, याची कल्पना करता येते. नातू घराण्याविषयी पुणेकरांच्या मनात फारसे प्रेम नव्हतेच. पण ज्याच्याविषयी प्रेम नाही अशा माणसाच्या हक्काची चाड वाटणे, ही फार पुढची पायरी आहे. त्या पायरीवर चढलेली माणसे तेव्हाही थोडीच होती.

नातूंचा दोष कोणता? न्यायालयात तो कधीच सांगितला गेला नाही. प्लेगच्या झडत्यांविरुद्ध तक्रारी करणाऱ्यांत बाळासाहेब पुढे होते, ही गोष्ट मात्र जगजाहीर होती. आणि येथे गोखल्यांचे प्रकरण येते. गोपाळराव गोखले तेव्हा वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते. पुण्याहून स्नेह्यांच्या आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे तेथे जाहीरपणे सांगितले. मुंबईच्या गव्हर्नरांनी, लॉर्ड सँडहर्स्ट यांनी, इन्कार केला. पार्लमेंटात प्रश्न निघाले. पुरावा द्या, अशी मागणी झाली. गोखले परत येऊन पाहतात तो ज्यांनी पत्रे लिहिली त्यांच्यापैकी कोणी नाव सांगू देण्यास तयार नव्हते. ऑगस्टच्या आरंभी गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. त्या माफीमुळे त्यांची केवढी नामुष्की झाली आणि स्वकीयांनीच त्यांना किती टोचले, हे त्यांच्या चरित्रांतून वाचावे. मला येथे एवढेच म्हणावयाचे आहे की, नातूंना उचलून जेमतेम आठवडा झालेला असताना सोजिरांविरुद्ध साक्ष देण्यास कोण पुढे येणार होते? गोखल्यांची माहिती खरी होती की खोटी, हे आता कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, आणि त्याचे कारण हेच. भीतीने नुसती माणसे गप्प होत नाहीत. दप्तरेही कोरी राहतात. आम्हा इतिहासवाल्यांना ही उणीव फार जाणवते.

टिळकांच्या खटल्याविषयी थोडक्यात सांगतो. खालच्या पायरीवर जामीन नाकारला गेल्यावर तो दिला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी. आरोपी जामिनावर सुटला नाही तर त्याला आपला बचाव नीट करता येणार नाही, ही साधी गोष्ट त्या वेळच्या गदारोळात एका न्यायाधीशाला दिसली, याचे मोल मी फार मानतो. सप्टेंबरात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे खटला चालला. नऊ ज्यूरर, सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तीन हिंदी लोकांनी निर्दोषी. मराठी लेखांचा निर्णय बहुतांशी मराठी न जाणणाऱ्यांनी दिला. राजद्रोहाच्या कलमातील मूळ शब्दाचा अर्थ स्ट्रॅची यांनी 'सरकारविषयी प्रीतीचा अभाव' असा सांगितला. तो अर्थ धरला तर त्या वर्षी पुण्यात निर्दोषी कोण सापडले असते, देव जाणे. शिक्षा अठरा महिन्यांची झाली. पुढच्याच वर्षी, १८९८ त, ते कलम अधिक रुंद करण्यात आले.

या सर्व खटाटोपातून मारेकरी सापडले का? नाही. तपासाची दिशा कोठून मिळाली, तर तुरुंगातून. गणेश शंकर द्रविड नावाचा एक कैदी दुसऱ्याच गुन्ह्याची शिक्षा भोगीत होता. त्याने व त्याचा भाऊ रामचंद्र याने चापेकरांकडे बोट दाखविले. ब्रुइन यांनी चिकाटीने तो धागा धरला, दामोदर हाती लागला, आणि ऑक्टोबर १८९७ मध्ये त्याने कबुलीजबाब दिला. १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यास त्याला फाशी झाली. म्हणजे एक फोडलेला माणूस, एक इनाम आणि एक कष्टाळू अधिकारी, एवढ्याने काम झाले. जादा पोलिसांनी एकही मारेकरी पकडला नाही. नातूंना डांबून कटाचा एकही दुवा मिळाला नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सरकारने शहरावर दाब ठेवला नसता तर द्रविडांचे तोंड उघडले असते काय? इतिहासात 'नसते तर' या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. मी एवढेच निदर्शनास आणतो की, दाब शहरावर होता आणि तोंड उघडले ते आधीच तुरुंगात असलेल्या माणसाने.

अशीच एक गोष्ट आपल्या आठवणीतल्या काळात सातासमुद्रापलीकडे घडली. १५ एप्रिल २०१३ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात मॅरेथॉनच्या वेळी दोन बाँबस्फोट होऊन तिघे ठार व अडीचशेहून अधिक जखमी झाले. तीन रात्रींनी संशयित दोघा भावांनी एका पोलिसाचा बळी घेतला. थोरला भाऊ चकमकीनंतर मरण पावला, धाकटा निसटला. १९ तारखेला दिवसभर बोस्टन व आसपासच्या गावांतील लाखो लोकांना घरात राहण्यास सांगण्यात आले, आगगाड्या-बसगाड्या बंद राहिल्या, आणि वॉटरटाउन या उपनगरात शस्त्रसज्ज तुकड्या घरोघर फिरल्या. संशयित सापडला नाही. सायंकाळी निर्बंध उठविल्यावर एक गृहस्थ घराबाहेर आला, परसातल्या आपल्या होडीवरील आच्छादन सरकलेले त्याला दिसले, त्याने आत डोकावले आणि पोलिसांना कळविले. दोन प्रसंगांतील भेद मी विसरलेलो नाही. तेथले लोक बहुतांशी स्वखुशीने घरात थांबले होते आणि अखेरीस त्यांनी पोलिसांसाठी टाळ्या वाजविल्या. १८९७ च्या पुण्यात टाळ्या वाजविण्याजोगे काही नव्हते. आणि तेथले हुकूम संध्याकाळी उठले.

पुण्यातले उठले नाहीत. दामोदराला फाशी झाली तरी नातू बंधू मोकळे झाले नव्हते. टिळक ६ सप्टेंबर १८९८ रोजी सुटले, तेव्हाही नातूंवरचे बंधन कायम होते. विलायतेच्या पार्लमेंटात त्यांच्याविषयी प्रश्न विचारले जात, आणि सरकारी उत्तरे येत. १८९९ साल उजाडेपर्यंत त्यांची सुटका झाली नाही. ज्या खुनाच्या धामधुमीत त्यांना पकडले तो खून केव्हाच उलगडला होता. अशा अधिकाराचा हा स्वभावच आहे: तो एका प्रसंगासाठी म्हणून बाहेर काढला जातो आणि प्रसंग संपला तरी म्यानात जात नाही. १९१८ साली रौलट समितीने आपला अहवाल लिहिला तेव्हा कटांच्या इतिहासाचा आरंभ तिने चापेकरांपासूनच केला, आणि त्या अहवालातून १९१९ चा रौलट कायदा निघाला. स्वातंत्र्यानंतर आपल्या घटनेच्या बाविसाव्या कलमाने अटक झालेल्यास कारणे कळविण्याचा आणि चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेले जाण्याचा हक्क दिला. पण त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेला अपवाद म्हणून जागाही ठेवली. घटना समितीतील कित्येक सभासदांनी स्वतः तुरुंगवास भोगला होता, तरीही. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, जबलपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी स्थानबद्धाला न्यायालयाचे दार बंद असल्याचे मानले. एकट्या न्यायमूर्ती खन्ना यांनी विरोधी मत लिहिले. तो निर्णय चुकीचा होता हे त्याच न्यायालयाने २०१७ साली सांगितले. एकेचाळीस वर्षांनी.

एक हकीकत सांगावयाची राहिली, आणि ती सांगितल्यावाचून त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर पुरे होणार नाही. बाळकृष्ण चापेकर पुण्यातून निसटून आपल्याच मुलखात, निजामाच्या राज्यात, लपून राहिला होता. तो १८९९ च्या आरंभी हाती लागला. पुण्यात धाकटा वासुदेव अठराएक वर्षांचा होता. थोरल्या भावाला फासापर्यंत पोचविणारे द्रविड बंधू त्याच शहरात राहत होते. त्यांची नावे जगाला कळली होती. साक्षीदाराचे रक्षण हीदेखील सार्वजनिक सुरक्षितताच. आणि ज्या सरकारने एका खुनासाठी सबंध शहरावर पोलिस बसविले होते, त्याच्याकडून नेमके हेच रक्षण घडले नाही.

८ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री वासुदेव व महादेव विनायक रानडे (न्यायमूर्ती रानड्यांशी नावाचा घोटाळा करू नये, हा निराळा तरुण) वेष पालटून द्रविडांच्या घरी गेले. त्यांनी निरोप सांगितला की, ब्रुइनसाहेबांनी बोलाविले आहे. पोलिसांचे बोलावणे रात्री येते आणि आले की जावयाचे असते, याची पुण्याला दीड-पावणेदोन वर्षांत सवय झाली होती. दोघे भाऊ कसलीही शंका न घेता घरातून निघाले, आणि थोड्याच अंतरावर त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. दोघेही वाचले नाहीत. ८ मे रोजी वासुदेव, १० मे रोजी रानडे आणि १२ मे रोजी बाळकृष्ण, असे तिघे येरवड्यास फासावर गेले.